साध्या गाठीत कॅन्सर कसा शिरला?

प्रश्न : आत्याच्या तळपायावरचा मेलानोमा (कातडीचा कॅन्सर) ३ वर्षांपूर्वी काढला. डोक्यात मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणावरची गाठ) पण होता, साधी गाठ आहे नुसतं लक्ष ठेवा म्हणाले होते. आता ती अचानक वाढली, ऑपरेशन केलं तर रिपोर्टमध्ये त्याच गाठीत मेलानोमाच्या पेशी! साध्या गाठीचा कॅन्सर झाला का?

उत्तर : नाही हो, गाठीचा कॅन्सर झालेला नाही, कातडीचा कॅन्सर रक्तातून तिथपर्यंत गेला आणि त्या गाठीत राहिला. हे दुर्मिळ आहे पण डॉक्टरांना माहीत असलेलं आहे, आणि अशा पाहुण्या पेशी डोक्यातल्या साध्या गाठींपैकी मेनिन्जिओमात जास्त सापडतात, कारण बहुतेक त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तो सावकाश वाढत वर्षानुवर्षं तिथेच असतो. ब्रेस्ट आणि लंग कॅन्सर जास्त वेळा जातात, मेलानोमा कमी. एमआरआयवर साधी गाठ आणि तिच्यात शिरलेला कॅन्सर वेगळे ओळखणं फार अवघड, म्हणून आधी कळलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. खरं कळतं ते काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर एस-१००, एचएमबी-४५ असे स्टेन (मेलानोमाच्या पेशी ओळखायला मदत करणाऱ्या लॅबमधल्या तपासण्या) करून.

आता ट्रीटमेंट मेलानोमाची. ऑन्कोलॉजिस्टना बीआरएएफ टेस्ट (कॅन्सरच्या पेशींतल्या जीनमधला बदल बघणारी), पेट स्कॅन (कॅन्सर शरीरात आणखी कुठे आहे ते बघणारा), रेडिएशन आणि इम्युनोथेरपीबद्दल (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणारी ट्रीटमेंट) स्पष्ट विचारा, आणि हो, पायाच्या ऑपरेशनचे जुने रिपोर्ट आणि स्लाइड न विसरता सोबत न्या, त्या खूप कामी येतात.