नवोदयच्या यादीत नाव नाही, आता पुढे काय?

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. जवाहर नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेश यादीत मुलीचं नाव आलं नाही, तिच्या मैत्रिणीचं आलं. तेव्हापासून ती धड जेवत नाही, सरावाची पुस्तकं तिनं पलंगाखाली ढकलून दिलीत. तिला पुन्हा पाचवीत बसवून परीक्षा द्यायला लावू का, असं तुम्ही विचारलंय.

नको. मुळात तसं करताच येत नाही. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते, आणि पाचवी पुन्हा करणारं मूल त्यासाठी पात्रच नसतं. कुणी 'जमवून देतो' म्हणालं, तर त्याच्या नादी लागू नका.

पत्रातलं एक वाक्य मात्र मला टोचलं. निकालाच्या रात्री तुम्ही तिला म्हणालात, "वर्षभर क्लास लावला, त्याचं हेच का?" रागाच्या भरात तोंडून गेलं असेल. पण एवढ्या वयाचं पोर असं बोलणं मनात धरून बसतं. आजच तिला जवळ घ्या आणि सांगा, "मी तसं बोलायला नको होतं." एवढंच. उपदेश नको, पुढच्या परीक्षेचा विषयही नको. रडली तर रडू द्या. मैत्रिणीला निरोप द्यायला जायचं की नाही, तेही तिलाच ठरवू द्या.

ती जरा सावरली की जागांचा हिशेब समजावा. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, शिवाय आरक्षण वेगळं. चांगला पेपर लिहूनही बाहेर राहणारी मुलं दरवर्षी असतात. प्रतीक्षा यादीवर लक्ष ठेवा, पण तुम्ही. तिला रोज मोबाइलसमोर बसवू नका.

पुढच्या वाटा तुमच्यापुरत्या माहीत असू द्या. नवोदयमध्ये नववीला रिकाम्या जागांवर प्रवेश मिळतो. त्याची परीक्षा आठवीत असते. आठवीतच एनएमएमएस या आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्तीची परीक्षाही असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना असते, नवोदयच्या मुलांना नाही. तिनं वर्षभर सोडवलेली बुद्धिमत्तेची गणितं तिथे उपयोगी पडतील.

ते अजून लांब आहे. सध्या तिच्या वर्गशिक्षकांना भेटा, घडलेलं सगळं सांगा, आणि ती पुस्तकं पलंगाखालून तुम्ही काढू नका.