पावसाळ्यात नीट वाजणारी इलेक्ट्रिक गिटार नाशिकच्या थंडीत पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) का खरखरते?

थंडीत हवा कोरडी पडते, नेकचं (गिटारच्या मानेचं) लाकूड आकसतं आणि नेक गरजेपेक्षा सरळ होते. म्हणून आधी सॅडलला (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याला) हात लावू नका, नेक तपासा.

नेहमीच्या ट्यूनिंगला लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी क्लिप) लावा. जाडी सहावी तार जिथे नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेटमधली फट बघा. ०.२५ मिमीच्या आसपास हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सातपूर-अंबडकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळावा. नसेल तर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे.

फटच नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) टोकाच्या नटाने घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, पुन्हा ट्यून करा, मोजा. फट जास्त असेल तर सुलट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. ॲलन की अगदी मापाची हवी; ढिली चावी नटाची कड खाते आणि मग तो नट काढणं म्हणजे डोकेदुखी. नट घट्ट अडला असेल तर जोर न लावता कारागिराकडे न्या.

अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, त्यानंतर. बाराव्या फ्रेटवर जाडी तार २ मिमी, बारीक तार १.५ मिमी, सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखे फिरवून. खरखर फक्त बाराव्याच्या वरच असेल तर ट्रस रॉडला हात लावू नका, सॅडल थोडं उचला. इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं, सगळ्यात शेवटी.