वाळूत शिरणारा सँडफिश स्किंक पाळायचाय. टाकीत वाळू किती घालू आणि खालून हीटर लावला तर चालेल का?

वाळू किमान १५ सेंमी खोल, जमल्यास २० घाला. खालून हीटर मात्र अजिबात लावू नका.

सँडफिश ही सापसुरळीच्याच कुळातली, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानच्या वाळवंटातली. तिथे ऊन वरून येतं आणि खोल गेलं की गारवा मिळतो. म्हणून अंग तापलं की ती खाली शिरते. तुम्ही खालूनच तापवलंत, तर ती गारव्याच्या शोधात थेट चटक्यावर जाऊन पोचेल. उष्णता वरच्या दिव्यानेच द्या आणि तीही एकाच टोकाला: त्या जागी साधारण ४० अंश, दुसऱ्या टोकाला २७-२८. सोबत यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, हवाच.

वाळू बारीक, धुतलेली आणि गोल कणांची घ्या. पाय अंगाशी चिकटवून ती वाळूत अक्षरशः पोहते, टोकदार कण तिला सोसत नाहीत. दगड ठेवायचा असेल तर आधी टाकीच्या तळावर टेकवा, मग भोवती वाळू ओता. वाळूवर ठेवलेला दगड तिने खालून पोखरला की तिच्याच अंगावर बसतो.

खायला रातकिडे, मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या), त्यावर कॅल्शियमची पूड.

एक मनापासून सांगते, ही हातात घेऊन खेळवायची नाही. दिवसाचा बराच वेळ दिसणारही नाही, आणि रोज उकरून पाहिलंत तर भेदरून खाणं सोडेल. विक्रीला येणाऱ्या बऱ्याचशा रानातून पकडलेल्या असतात. बंदिवासात जन्मलेली मिळेपर्यंत थांबा.