अंतिम सामन्यात कारागुनिस का नव्हता?

प्रश्न : २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेतील पहिला गोल ग्रीसचा मध्यरक्षक योर्गोस कारागुनिस याने केला होता, असे वाचले, मात्र ग्रीसने जिंकलेल्या अंतिम सामन्यात त्याचे नाव दिसत नाही. तो जखमी होता काय? त्याची पुढील कारकीर्द कशी झाली?

उत्तर : तो जखमी नव्हता, त्याच्यावर एका सामन्याची बंदी होती. १२ जून २००४ रोजी पोर्तो येथे यजमान पोर्तुगालविरुद्ध सातव्याच मिनिटाला त्याने पावलो फरेराचा चुकलेला पास पकडला आणि पेनल्टी क्षेत्राबाहेरूनच जमिनीलगत मारलेल्या फटक्याने गोलरक्षक रिकार्डोला चकवले. ग्रीसने तो सामना २-१ असा जिंकला. पुढे चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मिळालेल्या पिवळ्या कार्डामुळे तो बंदीच्या नियमात अडकला. ४ जुलैला लिस्बनमध्ये पुन्हा पोर्तुगालशीच गाठ पडली, तेव्हा यानाकोपुलोसला संधी मिळाली आणि खारिस्तेअसच्या हेडरने ग्रीस १-० असा विजेता ठरला.

विशेष म्हणजे २०१२ च्या युरोत त्याच्या वाट्याला हेच पुन्हा आले. सलामीला पोलंडविरुद्ध, सामना १-१ असा बरोबरीत असताना, नुकत्याच मैदानात उतरलेल्या राखीव गोलरक्षकाने त्याची पेनल्टी अडवली होती. मग वॉर्सातच रशियाविरुद्ध पहिल्या सत्राच्या वाढीव वेळेत त्याने एकमेव गोल करून ग्रीसला उपांत्यपूर्व फेरीत नेले आणि त्याच सामन्यात ग्रीसच्याच झागोराकिसच्या १२० आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या विक्रमाशी बरोबरी साधली. परंतु उत्तरार्धात तो पेनल्टी क्षेत्रात पडला, तेव्हा पंचांनी पेनल्टी देण्याऐवजी पडण्याचे सोंग केल्याबद्दल त्यालाच पिवळे कार्ड दाखवले. हा निर्णय आम्हाला अन्यायकारक वाटतो. परिणामी जर्मनीविरुद्ध तो बाहेर राहिला आणि ग्रीस २-४ असा हरला.

क्लबपातळीवर अथेन्सचा पानाथिनाइकोस हेच त्याचे खरे घर होते. इंटर मिलानमध्ये २००३ ते २००५ या काळात त्याला खेळायला फारसे मिळाले नाही. बेन्फिकातील दोन हंगामांनंतर तो अथेन्सला परतला आणि २०१० मध्ये संघाने ग्रीक लीग व चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली, तेव्हा तो त्या संघात होता. अखेरची दोन वर्षे तो लंडनच्या फुलहॅमकडून खेळला. २०१४ च्या विश्वचषकात ग्रीस कोस्टा रिकाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला आणि त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली, तेव्हा त्याच्या नावावर १३९ सामने होते.