मुलांचे प्रात्यक्षिकाचे फोटो व्हॉट्सॲपवर साधे मागवू नका

सर, तुम्ही लिहिलंय की नववीच्या कृषी विषयाच्या प्रात्यक्षिकाचे मुलांनी पाठवलेले फोटो ते जमा करायचं ऑनलाइन पोर्टल घेत नाही, 'ठिकाण व दिनांक नाही' म्हणतं. मी यातून गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2020 च्या खरिपात शाळा बंद होत्या. मुलांनी घरच्या परसात गादीवाफे (मातीचे थोडे उंच केलेले वाफे) करून मिरचीची रोपं वाढवली. फोटो मी व्हॉट्सॲपवर मागवले. तीच माझी चूक. तिथे फोटो नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो आणि त्याच्या आत दडलेली जागेची नोंद पुसली जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जशाच्या तसा येतो. हे मला ऑक्टोबरात कळलं. तोवर घरोघरी मूळ फोटो गेले होते, कारण मोबाईल वडिलांचा, जागा भरली की आधी पोरांचे फोटो उडतात. परत काढावेत तर मिरचीचं रोप 35-40 दिवसांत लावणीला येतं. रोपं केव्हाच शेतात गेली होती, काहींची तर पहिली तोडणी झाली होती. पुन्हा फोटो कशाचा काढायचा?

माझेही फोटो असेच नाकारले गेले, म्हणून ज्या कार्यालयाकडे हे फोटो जातात तिथे मी चार खेपा घातल्या. फोटो कसे हवेत याचं एक ओळीचं पत्र आधी कुणी दिलं नव्हतं, नंतरही दिलं नाही. एका टेबलावरून दुसऱ्यावर, मग 'वरून विचारून सांगतो'. ज्या मुलीची रोपं सगळ्यांत जोमदार होती, तिला सगळ्यांत कमी गुण पडले. तिच्या आईला काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फोटोवर तारीख-ठिकाण छापणारं कॅमेऱ्याचं ॲप पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. ठिकाण नोंदायला जीपीएस पुरतं, रेंज लागत नाही, त्यामुळे शिवारातही चालतं. शिवाय पाटीवर खडूने हजेरी क्रमांक आणि तारीख लिहून ती वाफ्यात ठेवायला सांगा. आणि कार्यालयाकडून नमुना लेखीच मागा, पोच घ्या. नियम बदलत राहतात, तुमच्या जिल्ह्यात वेगळं असू शकतं, तेवढं तपासून घ्या.

तुम्ही आणखी एक विचारलंय, फोटोवरून रोग ओळखायला शिकवावं का. शिकवा, पण मुलांना पान उलटायला लावा. सगळे वरूनच फोटो काढतात आणि मग प्रत्येक आकसलेलं पान 'बोकड्या', म्हणजे पानं आकसण्याचा विषाणू रोग, ठरतं. मिरचीत फुलकिड्यांनी पानाच्या कडा वर वळतात, कोळी या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किडीने खाली. बोकड्याचा विषाणू असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला असतो. तिन्हींचा उपाय वेगळा. कोळ्यांवर साधं कीटकनाशक मारलं तर बहुतेकदा फुकटच जातं. फवारणीचं मी इथे सांगणार नाही, ते कृषी विज्ञान केंद्रात पान नेऊन विचारा. मुलांना मात्र पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून दाखवा. फुलकिडे कागदावर पळताना दिसतात, आणि ते एकदा दिसले की पोरं स्वतःहून प्रत्येक झाडाचा शेंडा झटकत फिरतात.

जुने फोटो कुणाच्या घरच्या मोबाईलमध्ये अजून असतील तर आजच, मोबाईल साफ व्हायच्या आत, डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.