सिंहगडाची पहिली फेरी

गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून उजाडायच्या आतच चढायला लाग. वाट मळलेली आहे, चुकायची नाहीस. पण सावली कमी, नऊनंतर ऊन फार छळतं. पहिल्या चढावर धावू नकोस, मागचे पुढे गेले तर जाऊ दे. पाणी दोन लिटर तरी हवंच.

पुणे दरवाज्यातून आत गेलीस की लगेच पिठलं-भाकरीला बसू नकोस. देवटाकं, तानाजींची समाधी, कल्याण दरवाजा असा गड फिरून घे, मग जेव. पावसाळ्यात धुकं असेल तर कड्याच्या टोकाला जायचंच नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही.

खरी परीक्षा उतरताना. सुक्या मुरमावर पाय सरकतो. गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाक. आणि आदल्या रात्री पायाची नखं काप, नाहीतर अंगठे बुटात ठेचतात.