तुल्सा शहर १९२१ ची आठवण कशी जपते?

प्रश्न : अमेरिकेतील तुल्सा शहरात १९२१ साली कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली गेली, त्यावर आमच्या वाचनगटात चर्चा झाली. तेथील लोक या घटनेचे स्मरण कसे करतात?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही सधन कृष्णवर्णीय वस्ती लुटली, हजाराहून अधिक घरे जाळली आणि पुढे कित्येक दशके शहराने त्याविषयी अवाक्षर काढले नाही. म्हणूनच तेथील पदपथांत बसवलेल्या धातूच्या छोट्या पाट्या मला सर्वांत मोलाच्या वाटतात. त्या जागेवरील व्यवसायाचे नाव, तो १९२१ मध्ये उद्ध्वस्त झाल्याची नोंद आणि तो पुन्हा उघडला की नाही, एवढेच त्यांवर आहे. २०१० मध्ये इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन यांच्या नावाचे उद्यान झाले, शताब्दीला संग्रहालयही. परंतु एवढ्याने न्याय होत नाही, हे वारसांचे म्हणणे रास्त आहे. त्या हल्ल्यातील बळींच्या बेनाम कबरी शोधण्यासाठी शहरातील ओकलॉन दफनभूमीत २०२० पासून उत्खनन सुरू झाले आणि २०२४ मध्ये डीएनए चाचणीमुळे पहिल्या महायुद्धातील सैनिक सी. एल. डॅनियल यांची ओळख पटली. वाचलेल्यांचा भरपाईचा दावा मात्र ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळला.